विहीणबाईंचं हिरवं लुगडं

शनिवार, ६ ऑक्टोबर १९७३. दसरा.

सकाळी शाळेत पाटीपूजन. तिसरीच्या मुलींनी काढलेल्या सरस्वती बघून हसू आवरेना. एकीनं सरस्वतीला चष्मा घातलाय. माझाच.

दु. तडक तोफखाना भागात नरसय्या विणकराकडे. माग बंद. मागाला झेंडूचा हार, धोट्याला हळदकुंकू. म्हणाला, "बाई, आज माग म्हंजी देव. हात लावायचा न्हाई." म्हटलं हात नको लावू, कान तरी उघडे आहेत ना? ऐक. नऊवार लुगडं, हिरवं, तांबडा काठ, दिवाळीआधी पाहिजे. कुंदाचा पहिला दिवाळसण आहे, विहीणबाईंना द्यायचंय.

वैशाखात कुंदाच्या लग्नात मानपानाचं लुगडं दिलं, तेव्हा विहीणबाईंनी काठ दोन बोटांत चोळला आणि चारचौघींत विचारलं, "गिरनीचं हाय व्हय?" एवढंच. पण ते अजून कानात बसलंय. पोळ्या लाटताना ऐकू येतं. बाप नसलेली मुलगी, एकट्या मास्तरणीनं उजवलेली, आणि राहात्याचं बागायतदार घर. माझी काय टाप होती बोलायची! हसले. दात दाखवून हसले.

आता बघा म्हणावं काठ चोळून.

मंगळवार, ९ ऑक्टो.

सहामाहीचे पेपर. डोळे गेले.

शेजारच्या भिमाबाई माहेरी काष्टीला गेल्या होत्या, तिथल्या बाजारातून मी सांगितलेली घोंगडी घेऊन आल्या, कुंदाच्या सासऱ्यांसाठी. धनगराच्या म्हातारीच्या हातची. काळी, पांढऱ्या कडेची. चिंचोक्याच्या खळीचा वास घरभर. मी म्हटलं, टोचते हो. म्हणाल्या, "टोचायचीच! न टोचणारी ती चादर झाली. तुमाला मास्तरणीला काय कळतंय घोंगडीतलं."

जावईबापूंना तांबटाकडून तांब्या-भांडं घेतलं. ठोकून घडवलेलं, एकेक ठोका दिसतो. कुंदासाठी काय घ्यावं सुचत नाही. ती म्हणणार, काही नको. या पोरीला कधी काही नकोच असतं, त्याचीच मला धास्ती. तिथं राहात्याला दुखलं खुपलं तरी काही नको म्हणत बसेल.

लुगडं देताना ओटी भरायची ती भिमाबाईंनी. सांगून ठेवलं. माझ्या हातची ओटी सवाष्ण बाईला चालायची नाही.

शुक्रवार, १२ ऑक्टो.

काल कोजागिरी. दूध गॅसवर नव्हे, शेगडीवर, सावकाश आटत ठेवलेलं. रेशनची साखर पुरवून पुरवून राखली होती त्यासाठी. दिवेलागणीला दारात जावईबापू. वसंतराव. एकटेच. राहात्याच्या एस.टी.नं आलेले, धुळीनं पांढरे.

जावई न कळवता दारात म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "कुंदा?" एवढंच निघालं तोंडातून. तर कुंदा बरी आहे. व्याह्यांचं पोट. आत गाठ आहे म्हणे. खाल्लेलं टिकत नव्हतं, माणूस कुणाला बोलला नाही. तिकडच्या डॉक्टरांनी नगरला न्या म्हणून सांगितलं. वसंतराव दवाखान्याचं विचारायला आलेले. दुधाला शिवले नाहीत. मीही नाही. भिमाबाईंच्या घरी दिलं पातेलं.

तेव्हापासून डोक्यात एकच. कुंदा त्या घरात वैशाखात गेली. वर्षसुद्धा झालं नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर लोक गाठीला बोल लावणार आहेत का? सुनेचा पायगुण म्हणतील. बापाला गिळून आली, आता सासऱ्याला. असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मीच म्हणतेय मनातल्या मनात, आणि कवितेसारखं पाठ झालंय.

आणि तिकडं मागावर हिरवं लुगडं चढलंय.

रविवार, १४ ऑक्टो.

नरसय्याकडे जाऊन आले. कशाला गेले मी!

त्याची बायको उंबऱ्यात बसून कांड्या भरत होती. हिरव्या. नरसय्या खड्ड्यात पाय सोडून मागावर. वीतभर विणून झालेलं. काय हिरवा आहे! पिकाच्या कोंभासारखा. बघून जीव सुखावला आणि त्याच दमात व्याही आठवले.

विचारलं, "नरसय्या, आता रंग बदलता येईल का?"

"आता? ताणा हिरवा ताणलाय की बाई."

"बाणा दुसरा घातला तर? काळपट काही?"

"घालतो. पन ताण्यातला हिरवा डोकावनारच. मंग ते ना हिरवं ना काळं. का हो? पसंत न्हाई?"

काय सांगू? की ज्या बाईला द्यायचं तिचा नवरा जगतो की नाही माहीत नाही? की बाई विधवा झाली तर हे हिरवं लुगडं घडीचं घडीच राहील, आणि कुंदाच्या आईनं दिलेलं म्हणून तिच्या डोळ्यांसमोर जळत राहील? म्हटलं पसंत आहे, सहज विचारलं. त्याच्या बायकोनं कांडी थांबवून माझ्याकडं बघितलं. "कुनी आजारी हाय का, बाई?" मी फणकारले. "सगळे ठणठणीत आहेत," म्हटलं. मेली, तिला काय करायच्यात नसत्या चौकशा.

मग उठता उठता कोनाड्यात घडी दिसली. तयार नऊवार. मातकट अंग, बारीक तपकिरी काठ. "हे कुणाचं?" कुणाचं नाही, विकायचं. घेतलं. घेतलं मी ते. कागदात गुंडाळून पिशवीत, वर कोथिंबीर. चोरी केल्यासारखी घरी आले.

माणूस जिवंत आहे आणि मी त्याच्या मागचं लुगडं घेऊन ठेवलंय. काय म्हणावं मला? पण बाजारात त्या दिवशी धावत जाऊन काही मिळत नाही. माझ्या वेळी नव्हतं मिळालं. शेजारणीचं मागून आणलेलं नेसवलं होतं मला. आखूड पडत होतं.

मंगळवार, १६ ऑक्टो.

व्याह्यांना आणलं. बरोबर वसंतराव, कुंदा, विहीणबाई आणि व्याह्यांची थोरली बहीण, आत्याबाई. दवाखान्यात खाट मिळाली, खिडकीजवळची. केवढा धिप्पाड माणूस, लग्नात दोन पंगती उठेपर्यंत आग्रह करत फिरलेला. गाल बसलेत. मला बघून म्हणाले, "विहीनबाई, तुमच्या गावाला आमी पाव्हनं आलो बगा." हसले. मला रडू फुटायचं बाकी होतं.

कुंदा रात्रीपुरती माझ्याकडे. वाळलीये. "जेवतेस का?" तर "हो." "घरात बोलतात का नीट?" तर "हो." सगळ्याला हो. आत जाऊन, मातकट ठेवलेल्या ट्रंकेची कडी नीट लागली ना, ते दोनदा बघितलं.

विहीणबाई दवाखान्यातून हलायला तयार नाहीत. डबा पोचवला. एक घास घेतला. "मीठ कमी हाय."

गुरुवार, १८ ऑक्टो.

आज झालं ते. ज्याला भीत होते तेच.

डबा घेऊन व्हरांड्यात पोचले तर खोलीतून आत्याबाईंचा आवाज. "चांगला गडी हुता. वैशाखानंतरच लागलं हे. पोरीचं पाऊल…"

पुढचं ऐकलं नाही. ऐकायचं राहिलंच काय होतं? मी भिंतीला टेकले. वाट बघत होते विहीणबाई काय म्हणतात. काहीतरी म्हणतील. नाही तरी म्हणतील, हो तरी म्हणतील. काही नाही. गप्प. पितळीची खणखण तेवढी झाली.

आत गेले तर विहीणबाई नवऱ्याचे पाय चेपत होत्या. डब्याकडे बघितलं नाही. कुंदा खिडकीशी उभी, पाठमोरी. तिनं ऐकलं असणारच.

घरी येताना रस्त्यात विचारलं तिला. "काही नाही गं आई." वाटलं एक थोबाडीत द्यावी आणि मग कुशीत घ्यावं. दोन्ही केलं नाही. रस्ता होता.

त्या गप्प का बसल्या? रागानं? पटलं म्हणून? का उत्तर द्यायचं त्राण नव्हतं? हजारदा उलटसुलट केलं. स्वैपाकात लक्ष नाही, आमटीत दोनदा मीठ पडलं. तीच आमटी दवाखान्यात गेली. "आज बरी हाय," म्हणाल्या. आता काय बोलायचं!

शनिवार, २० ऑक्टो.

शाळेला सुट्टी लागली. नरसय्याकडे चक्कर. लुगडं पाऊण विणून झालेलं. सूत वेळेवर मिळत नाही म्हणून कुरकुरला. मी म्हटलं, सावकाश होऊ दे. तो बघतच राहिला, कारण दसऱ्याला मीच घाई करत होते. मला खरंच वाटत होतं की ते विणून संपूच नये. जोवर मागावर आहे तोवर काही ठरलेलं नाही.

असलं काहीतरी खुळ्यासारखं. मुलींना विज्ञान शिकवते मी.

सोमवार, २२ ऑक्टो. वसुबारस.

आलं लुगडं. नरसय्याची बायको स्वतः घेऊन आली. पदर उलगडून दाखवला. तांबडा काठ असा उठलाय की बास. भिमाबाई धावत आल्या, "अगं बया बया, काय देखनं!" म्हणून गालावर बोटं मोडली. मी चहा टाकला. निघताना विणकरीण दारात हळूच म्हणाली, "बाई, नेसू द्या त्यांना. चांगल्या मनानं विनलंय." हिला कुणी सांगितलं? कुणी नसेल सांगितलं. बायकांना कळतं.

ट्रंकेत मातकटाच्या वर ठेवलं. मग काढलं. मातकट वर, हिरवं खाली. मग परत काढलं. शेवटी हिरवंच वर.

मलाही होतं एक हिरवं. कुंदाच्या वडलांनी आणलेलं, दिवाळीचंच. मी म्हटलं होतं, इतकं चांगलं आत्ता कशाला मळवायचं, ठेवणीत राहू दे, पुढच्या दिवाळीला नेसेन. पुढच्या दिवाळीला ते नव्हते. घडी मोडलीच नाही. नंतर कुंदाच्या गोधडीला वरून लावलं. पोरगी त्या गोधडीत वाढली. पण मी ते अंगाला लावलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांनी मला त्यात बघायला हवं होतं.

बुधवार, २४ ऑक्टो.

डॉक्टरांनी दिवस सांगितला. पाडव्याला सकाळी. वसंतराव म्हणाले, सण आहे, पुढं ढकलता येईल का? डॉक्टर म्हणाले, गाठ सण बघत नाही. पोट उघडल्यावरच कळेल काय ते. त्याआधी काही सांगत नाही म्हणाले.

घोंगडी नेऊन दिली व्याह्यांना. म्हटलं दिवाळसण होईल तेव्हा होईल, हे आत्ता घ्या, थंडी पडायला लागलीये. अंगावर ओढून घेतली. "लई टोचतीया हो." मग जरा वेळानं, "पन ऊब हाय." काढू देईनात.

हिरवं मात्र नेलं नाही. पिशवीत घातलं होतं, दारातून परत ठेवलं.

विहीणबाईंना म्हटलं, उद्या पहिली अंघोळ. सणाचं न्हाऊन तरी जा घरी. नाही म्हणतील वाटलं. "येते," म्हणाल्या.

गुरुवार, २५ ऑक्टो. पहिली अंघोळ, लक्ष्मीपूजन.



पहाटे वसंतराव विहीणबाईंना सोडून गेले. बंब पेटवला होता. तेल लावायला मीच बसले. मान खाली घालून बसल्या होत्या. केवढे केस, मधे पांढरे.  तेल लावता लावता वाटलं, आत्ता विचारावं, त्या दिवशी गप्प का बसलात. जीभ रेटली नाही.

न्हाऊन झालं नि लक्षात आलं, नेसायचं लुगडं दवाखान्यातच राहिलंय. बाई मोरीत ओलेत्या. मी "थांबा हां" म्हणते तोवर आमची कार्टी, "आईच्या ट्रंकेत एखादं जुनं नऊवार असेल," म्हणत आत. माझ्या हातात उटण्याची वाटी. धावले. उशीर झाला होता. कुंदा दोन्ही घड्या हातावर घेऊन मोरीच्या दारात. "आई, ही नवी दोन कुणाची गं?"

वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं.

विहीणबाईंनी बघितलं. "कुनाचं?"

म्हटलं, "हिरवं तुमचं. दिवाळसणाचं."

"आन् ह्ये?"

"माझ्या बहिणीला घेतलंय."

कुंदा म्हणते, "कुठली बहीण, आई?"

खरंच, मला बहीण नाही. लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा विहीणबाईंनी स्वतः विचारलं होतं, मावशी कुनी न्हाई का पोरीला म्हणून.  कुंदाला आत्ता कुठं उलगडलं. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. मी तर मेल्याहून मेले. आता या बाई काय म्हणतील? माझ्या नवऱ्याच्या मरणाची तयारी करून बसलीस? बरोबरच होतं त्यांचं, म्हणाल्या असत्या तर.

विहीणबाईंनी हात पुसले. हिरव्याचा काठ दोन बोटांत धरून चोळला. "हातमागाचं हाय."

मग मातकटावरनं हात फिरवला. बराच वेळ. म्हणाल्या, "मी बी ह्येच बगत हुते मनात. रोज. खाटंशी बसून. कुनाला बोलायची सोय न्हाई. तुमी निदान इकत आनलं."

आणि रडल्या. ओलेत्यानं, मोरीच्या उंबऱ्यावर बसून. राहात्याच्या त्या बाई. मी त्यांना धरलं. उटणं दोघींना लागलं.

मग एकदम नाक पुसून, "आना हिकडं हिरवं. आत्ताच नेसते."

म्हटलं, थांबा, भिमाबाईंना हाक मारते, ओटी भरून मग…

"भिमाबाईनं घेतलंय का लुगडं?"

"नाही, पण माझ्या हातनं कसं…"

"तुमी घेतलंय नव्हं? मंग तुमीच भरा. उद्याचं उद्या. आज मी सवाष्न हाय आन् तुमी माझी विहीन हायसा."

भरली मी ओटी. इतक्या वर्षांनी. तांदूळ निम्मे जमिनीवर.

हिरवं नेसून समोर उभ्या राहिल्या. काय दिसत होत्या! मी बघत राहिले. जाताना मातकटाची घडी त्यांनी स्वतः कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. "उद्या येताना संगं आना."

कुंदा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी पणत्या लावताना जवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, मला भीती वाटतीये." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी बोलली पोरगी. मी म्हटलं, मलाही. दोघी बसलो.

पाडवा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात. बाकावर. पेन्सिलीनं लिहितेय.

आत न्यायच्या आधी विहीणबाईंनी ओवाळू द्या म्हणून हट्ट धरला. नर्सबाई आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, लवकर आटपा. ताम्हन मी आणलं होतं. विहीणबाई हिरव्या लुगड्यात. व्याह्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "नवं हाय?" "व्हय. विहीनबाईंनी दिलंय. हातमागाचं." "ब्येस दिसती." बास. एवढंच. पण बघितलं त्यांनी.

मग विहीणबाई म्हणाल्या, "कुंदे, ये. मला कुंकू लाव आन् ताम्हन धर." आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी होत्या. "तिला कशाला म्होरं करती आज?" विहीणबाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "माझी सून हाय, वन्सं. ती न्हाई धरायची तर कोन धरनार?" कुंदाच्या हातातलं ताम्हन हललं, पण पडलं नाही.

त्या दिवशी का गप्प बसलात, ते मी विचारणार नाही आता. आजचं मी ऐकलं. उद्या जर वाईट झालं तर असंच म्हणतील का? माहीत नाही. मला काही माहीत नाही.

व्याही म्हणाले, "ववाळनी काय घालू गं? खिसा न्हाई ह्या कपड्याला. ही घोंगडीच घे, टोचती."

"ऱ्हाऊ द्या अंगावर. घरी गेल्यावर घाला काय घालायचं ते."

घोंगडी आत नेऊ देत नाहीत. वसंतरावांच्या खांद्यावर आहे ती. तो पोरगा ती घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभा आहे, कुंदा त्याच्याशेजारी.

दार लावलं.

विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं. "आनलंय?"

"हो."

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मला दावू नगा. कदी काढायचं त्ये तुमाला म्हाईत हाय."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. मला माहीत आहेच.

बराच वेळ झाला. कुणी बाहेर आलेलं नाही. विहीणबाईंचा डोळा लागलाय, मान माझ्या खांद्यावर कललीये. हिरवा पदर माझ्या पांढऱ्या लुगड्यावर पडलाय, तो बाजूला केला नाही. पिशवी धरून बसलेय. आत पावलं वाजतायत, कुणीतरी दाराशी…